अँबॅसिडरच्या ब्लॉकमध्ये वॉटर पंपाचा तोच बोल्ट तिसऱ्यांदा तुटला: काढला कसा, आणि पुन्हा पुन्हा का तुटत होता

बोल्ट तुटायच्या आधी हाताला कळवतो. पाना फिरत असतो, पण ते सैल पडल्याचं फिरणं नसतं. ओल्या वेताच्या काठीला पीळ द्यावा तसं काहीतरी मऊ, लवचीक हाताला लागतं. त्या क्षणी हात थांबला तर पुढचा आठवडा वाचतो. माझा थांबला नाही. टक् आवाज झाला आणि पान्यात नुसतं डोकं आलं.

गाडी १९७८ ची अँबॅसिडर मार्क ३. इंजिन १४८९ सीसीचं, ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं बी सिरीज. मॉरिस ऑक्सफर्डच्या वंशातली ही गाडी, त्यामुळे इंजिनही तिकडचंच, फक्त बनलं बंगालमधल्या उत्तरपाड्याला. ब्लॉक बिडाचा (कास्ट आयर्नचा), हेडही बिडाचंच. वॉटर पंप ब्लॉकच्या तोंडावर चार बोल्टांवर बसतो. त्या चारांतला खालचा, डायनामोच्या बाजूचा एक बोल्ट बारा वर्षांत तिसऱ्यांदा तुटला. बाकीचे तीन दर वेळी गुमान निघाले आणि गुमान बसले. हे मी आधीच ध्यानात घ्यायला हवं होतं. चारांतला एकच बोल्ट तीनदा तुटतो तेव्हा नशिबाला बोल लावून भागत नाही, त्या एका छिद्रात काहीतरी बिघडलेलं असतं.

ज्यांच्या जुन्या गाडीत तुटलेल्या बोल्टचा असा खुंट आत राहिलाय, त्यांनी आधी ड्रिल मशीन खाली ठेवावं. मोडलेल्या तोंडाकडे टॉर्च मारून नीट बघावं. बोल्ट कसा मोडलाय त्यावर तो कसा काढायचा ते ठरतं.

कसा तुटला ते आधी बघा

आवळताना तुटलेला आणि उघडताना तुटलेला, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आवळताना तुटलेल्या बोल्टचा आतला खुंट बहुतेक वेळा मोकळा असतो. त्याला धरून ठेवणारा ताण डोकं तुटताच निघून जातो. असा खुंट कित्येकदा टोकदार सुईने किंवा छोट्या छिन्नीने कडेला टिचक्या मारत उलटा फिरवला तरी वर येतो. उघडताना तुटला असेल तर त्याचा अर्थ असा की आट्यांची पकड बोल्टच्या ताकदीपेक्षा जास्त होती. त्या खुंटाला सुईने हलवायला जाणं म्हणजे वेळ घालवणं.

तोंडावर गोल भोवऱ्यासारख्या रेघा असतील तर तो पीळ पडून तुटलाय. अर्धं तोंड गंजलेलं, काळं आणि अर्धं चकचकीत असेल तर तडा जुना आहे, तुमच्या हातून फक्त शेवट झाला. माझ्या बोल्टचं तोंड सबंध चकचकीत होतं, भोवरा स्पष्ट होता, आणि आट्यांच्या कडेला तांबूस पावडर दिसत होती. म्हणजे उघडताना, गंजाने धरलेला, पिळून तुटलेला. यात सगळ्यात वाईट हाच.

गंज इतका का धरतो? लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा व्यापतो. आट्यांमध्ये ती जागाच नसते. मग बोल्ट आतल्या आत ठासला जातो, पाचर मारावी तसा.

तेल आणि शेक

पहिले तीन दिवस मी तेलावर घालवले. आपल्याकडे गॅरेजमध्ये डिझेल किंवा रॉकेल सोडायची पद्धत आहे. ते वाईट नाही, पण सावकाश चालतं. अ‍ॅसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरचं तेल निम्मं निम्मं मिसळून मी वापरतो. दोन्ही एकजीव होत नाहीत, म्हणून दर वेळी बाटली हलवावी लागते, आणि अ‍ॅसिटोन भडका घेतं म्हणून ते सोडलेल्या जागी त्या दिवशी आग आणायची नाही. सकाळ संध्याकाळ चार थेंब, आणि सेंटर पंचावर हातोडीच्या दहा-बारा हलक्या टिचक्या. टिचक्यांनी गंजाचे पापुद्रे तडकतात आणि तेलाला वाट मिळते. नुसतं तेल ओतून झोपलं तर ते वरच राहतं.

मग शेक. इथे एक गैरसमज दूर करतो, कारण मीही वर्षानुवर्षं त्यात होतो. ‘तापवलं की छिद्र मोठं होतं आणि बोल्ट सुटतो’ असं सगळे सांगतात. अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्ये स्टीलचा स्टड असेल तर ते खरं आहे, कारण अ‍ॅल्युमिनियम स्टीलच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. बिडाचं तसं नाही. आठ मिलीमीटरचा स्टीलचा बोल्ट ३०० अंशांनी तापवला तर सुमारे ०.०२९ मिलीमीटर फुगतो, आणि बिडातलं तेवढंच छिद्र सुमारे ०.०२६. दोघं बरोबरच फुगतात, मोकळीक काहीच मिळत नाही. उलट छिद्र काकणभर मागेच राहतं.

तरीही बिडात शेक कामाला येतो, पण वेगळ्या कारणाने. फक्त बोल्ट झटकन लाल केला तर तो फुगायला बघतो, भोवतीचं गार बीड त्याला फुगू देत नाही, तो स्वतःच दबतो, आणि गार झाल्यावर पहिल्यापेक्षा किंचित बारीक होतो. गंजाची पकड तिथे तुटते. म्हणून शेक एकदम, एका ठिकाणी आणि खुंटालाच द्यायचा. स्वयंपाकघरातल्या ब्यूटेनच्या छोट्या टॉर्चने हे होत नाही, कारण बिडाचा अख्खा ब्लॉक ती उष्णता पिऊन टाकतो. गॅस वेल्डिंगचं बारीक नोझल लागतं. तापवून झालं की पाणी मारायचं नाही. बीड अचानक गार झालं तर तडकतं, आणि तडकलेल्या ब्लॉकपुढे तुटलेला बोल्ट काहीच नाही. खुंट जरा गार झाला की मेणबत्तीचं मेण त्याच्या कडेला टेकवायचं. ते वितळून आट्यांत ओढलं जातं.

पेट्रोलची नळी आधी काढून तोंड बंद करा, कार्ब्युरेटरवर ओलं पोतं टाका, वाळूची बादली जवळ ठेवा. हे सगळ्यांना माहीत असतं आणि नेमकं त्याच दिवशी कोणी करत नाही.

दोन वेळा शेक दिला, मेण दिलं. खुंट जागचा हलला नाही.

नट वेल्ड करून बघितला

खुंट ब्लॉकच्या तोंडाच्या बरोबरीने किंवा वर आलेला असेल तर माझ्या मते सगळ्यात आधी हाच उपाय करावा. खुंटावर वॉशर, त्यावर नट ठेवायचा आणि नटाच्या भोकातून सीओटू वेल्डिंगने आतला खुंट भरत वर आणायचा. नट झिंकचा मुलामा नसलेला, साधा काळा घ्यायचा. मुलाम्याचा पांढरा धूर छातीत जातो आणि जोडही धड धरत नाही. बॅटरीच्या दोन्ही तारा काढून ठेवायच्या, अर्थिंग ब्लॉकलाच, कामाच्या जवळ लावायचं.

वेल्डिंगमध्ये जोडापेक्षाही शेक जास्त काम करतो. खुंटाच्या मधोमध, क्षणात लाल करणारा असा शेक दुसऱ्या कशानेही देता येत नाही. म्हणून पहिल्यांदा नट सुटून हातात आला तरी निराश होऊ नये. दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला खुंट हलतो. लाली गेल्यावर पाना लावायचा, एकदम उलटा जोर न देता अर्धा फेरा पुढे, अर्धा मागे, असं घुसळायचं.

माझ्या बाबतीत अडचण अशी की खुंट तोंडापासून साडेचार मिलीमीटर आत तुटला होता. तेवढ्या खोल, आठ मिलीमीटरच्या विहिरीत वेल्डिंगची तार नीट उतरत नाही, भिंतीला चिकटते. दोन वेळा नट सुटला. तिसऱ्यांदा भिंतीवर मणी बसेल या भीतीने मी थांबलो. इथे थांबलो याचं मला अजून बरं वाटतं.

ईझी आउटबद्दल थोडं कडू

२०१९ मध्ये हाच बोल्ट दुसऱ्यांदा तुटला तेव्हा मी शहाणपणा करून ईझी आउटचा संच आणला होता. पाच तुकड्यांचा, लाल प्लास्टिकच्या पेटीतला. खुंटात छिद्र पाडायचं, उलट्या आट्यांचा हा निमुळता तुकडा त्यात पिळायचा आणि खुंट बाहेर, असं पेटीवर चित्र होतं.

त्या चित्रात दोन गोष्टी दाखवलेल्या नसतात. पहिली म्हणजे तुकडा निमुळता असल्यामुळे तो आत शिरताना खुंटाला बाहेरच्या बाजूला फुगवतो, म्हणजे आधीच ठासलेला खुंट आणखी ठासतो. दुसरी म्हणजे जो अडीच सुताचा, म्हणजे ५/१६ इंची, बोल्ट पिळून तुटला, त्याच्या पोटात बसणारी त्याहून बारीक सळई त्याहून जास्त पीळ कशी सोसणार? ती कडक असते, म्हणून ठिसूळही असते. मोडते. माझी मोडली. आणि मोडली की साधं हायस्पीड ड्रिल तिच्यावर फक्त चरचरतं.

त्या वेळी टंगस्टन कार्बाइडचा तीन मिलीमीटरचा बर, म्हणजे कुरतडणारं टोक, डाय ग्राइंडरला लावून मी तो तुकडा कुरतडून काढला. एक अख्खी दुपार गेली, आणि वरच्या चार-पाच आट्यांना त्या बरने ओरखडे पडले. ब्लॉक बाहेर काढलेला असेल तर डायमेकरांकडच्या स्पार्क इरोजन मशीनवर असा तुकडा सुरेख निघतो, आटेही शाबूत राहतात. पण एका बोल्टसाठी इंजिन उतरवायला कोण धजावतं?

मोकळ्या खुंटाला, म्हणजे आवळताना तुटलेल्याला, ईझी आउट चालतं. गंजलेल्याला नाही. माझा तो संच आता शेजारच्याकडे आहे. मी परत मागितलेला नाही.

बुश

मग उद्यमनगर, म्हणजे इथली वर्कशॉपची वसाहत, गाठलं. कोल्हापुरात राहण्याचा हा फायदा. लेथवाले मामा वयाने माझ्या वडिलांच्या बरोबरीचे. मी सांगितलं, मामा, बोल्ट तुटलाय.

“बोल्ट तुटला न्हवं, तुम्ही तोडलासा,” असं म्हणत त्यांनी चष्मा वर केला. “आता ड्रिल कुठनं सुरू करणार?”

“मधोमध.”

“मधोमध कुठं हाय ते तुमच्या डोळ्याला दिसतंय व्हय? वाईच दम धरा. पंप आणा, पयला बुश करू.”

सगळं गणित इथेच आहे. तुटलेलं तोंड कधीच सपाट नसतं. ड्रिलचं टोक उतारावरून घसरतं आणि मऊ वाट शोधतं. आठ मिलीमीटरच्या बोल्टमध्ये ड्रिल एक मिलीमीटर जरी सरकलं तरी शेवटच्या मापाला ते एका बाजूने बिडाचे आटे खातं आणि दुसऱ्या बाजूला खुंटाची जाड भिंत शिल्लक ठेवतं. हाताने, उभ्या ब्लॉकवर, वाकून, सेंटर पंच अंदाजाने मारून मध्य सापडत नाही. सापडला असं वाटतं, एवढंच.

मामांनी जुन्या पंपाचाच साचा केला. पंपाची बॉडी बाकीच्या तीन बोल्टांवर ब्लॉकला बसते, त्यामुळे तिचं चौथं छिद्र आपोआप ब्लॉकच्या चौथ्या छिद्रासमोर येतं. त्या छिद्रात घट्ट बसणारा स्टीलचा बुश, म्हणजे पोकळ नळी, त्यांनी लेथवर काढला. बाहेरून दोन पायऱ्यांचा: मागचा भाग पंपाच्या छिद्राच्या मापाचा, पुढचं नाक ६.७ मिलीमीटरचं, जे ब्लॉकच्या आट्यांच्या आतून सरकत खुंटाच्या तोंडाला जाऊन टेकेल. आत मधोमध तीन मिलीमीटरचं छिद्र. आता ड्रिल घसरायचं म्हटलं तरी घसरणार कुठे? दुसरा बुश पाच मिलीमीटरचा. दोन्हींचे मिळून घेतलेले पैसे त्या लाल पेटीच्या निम्मेही नव्हते.

ज्यांना लेथ जवळ नाही त्यांनी निदान एवढं करावं: खुंट तोंडाच्या बरोबरीने असेल तर ग्राइंडरच्या बारीक दगडाने तो आधी सपाट करावा, मग पंच मारावा, आणि पंचाची खूण भिंगातून चारही बाजूंनी बघून मगच ड्रिल टेकवावं. खूण सरकली असेल तर पंच तिरका धरून ती परत ओढता येते. ड्रिल आत गेल्यावर ओढता येत नाही.

ड्रिल डाव्या हाताचं मिळालं तर उत्तम. ते उलट्या दिशेने फिरत कापतं, त्यामुळे कापता कापता एखादे वेळी खुंटच पकडून बाहेर आणतं. कोबाल्टचं असेल तर आणखी बरं. वेग मात्र बहुतेकांचा चुकतो. स्टीलमध्ये तीन मिलीमीटरचं ड्रिल मिनिटाला सोळाशे ते दोन हजार फेऱ्यांपर्यंत चालतं, सहा मिलीमीटरचं आठशे ते हजार. जाड ड्रिल वेगाने पळवलं की ते कापत नाही, घासतं. घासून खुंट तापतो, कडक होतो आणि मग खरंच कापत नाही. कटिंग ऑइलचा थेंब सतत, जोर भरपूर, वेग बेताचा. कीस लांब वेटोळ्यांचा आला म्हणजे बरोबर चाललंय. पावडर करड्या रंगाची आणि भुगाभुगा यायला लागली तर ड्रिल बिडात शिरलं, ताबडतोब थांबा. स्टीलचा कीस वेटोळा येतो आणि बिडाचा भुगा पडतो, हा फरक डोळ्यांना दिसतो, आणि अंधाऱ्या छिद्रात तोच एक इशारा असतो.

तीन, मग पाच, मग सहा, मग साडेसहा. अडीच सुताच्या फाइन, म्हणजे बारीक आट्याच्या छिद्रात बिडाच्या आट्यांची आतली कड ६.८ मिलीमीटरच्या आसपास असते. साडेसहाला खुंटाची भिंत कागदाएवढी उरते. तिथे ड्रिल थांबवून मी दंतवैद्याच्या आकड्यासारखी वाकडी सुई घेतली, कागदाची एक कड आतल्या बाजूला मुडपली आणि पकडीने ओढली. आट्यांच्या वेटोळ्याची स्प्रिंगसारखी पट्टी तीन तुकड्यांत बाहेर आली. मामांना फोनवर सांगितलं तेव्हा ते फक्त “मग?” म्हणाले.

पण तुटतच का होता

काम झालं म्हणून नवा बोल्ट लावून मी घरी जाणार होतो. दोन्ही वेळा तसंच केलं होतं. या वेळी माझ्याकडे पत्र्याचा एक डबा होता, त्यात २०१९ चं तुटलेलं डोकं जपून ठेवलेलं. का ठेवलं होतं ते मला सांगता येणार नाही. आमच्या घरात काहीच टाकून देत नाहीत.

दोन्ही डोकी आणि बाकीचे तीन शाबूत बोल्ट ओट्यावर ओळीने मांडले. तीन शाबूत बोल्टांच्या डोक्यावर तीन-तीन रेघा होत्या, मधून बाहेर जाणाऱ्या. दोन्ही तुटलेल्या डोक्यांवर ८.८ असा आकडा.

रेघा म्हणजे इंची बोल्ट, तीन रेघा म्हणजे ग्रेड ५. आकडा म्हणजे मिलीमीटरचा बोल्ट. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं इंजिन, सगळे आटे इंची, आणि या एका छिद्रात मात्र मिलीमीटरचा बोल्ट. पिच गेज, म्हणजे आट्यांमधलं अंतर मोजायची पाती, लावलं. शाबूत बोल्ट इंचाला २४ आटे, म्हणजे दोन आट्यांमध्ये १.०५८ मिलीमीटर. तुटलेल्यांच्या शिल्लक आट्यांवर गेजचं १.० चं पातं चपखल बसलं. आठ एमएम फाइन.

हे दोन बोल्ट शेजारी धरले तर डोळ्याला सारखेच दिसतात. अडीच सूत म्हणजे ७.९४ मिलीमीटर आणि हा ८.००. फसगत अशी की इंची छिद्रात हा बोल्ट सुरुवातीला हाताने जातो. पहिले तीन-चार आटे जुन्या, झिजलेल्या बिडात सामावून जातात. मग दर आट्याला ०.०५८ मिलीमीटरचा फरक साचत जातो. दहा आट्यांत तो अर्ध्या आट्याहून जास्त होतो. बोल्ट जड जायला लागतो आणि हात समजतो की आवळला गेला. टॉर्क रेंचही फसतो, क्लिक करतो. पण तो सगळा जोर आट्यांच्या घासण्यात गेलेला असतो, पंप ब्लॉकला दाबण्यात नाही. डोकं पंपाला टेकलेलं असतं, दाबलेलं नसतं.

आता पुढचं आपोआप जुळलं. पंपाचा तोच कोपरा दर वर्षी पाझरायचा. आम्ही पॅकिंग बदलायचो, सोल्यूशन लावायचो. पाझर थेट बोल्टच्या आट्यांत उतरायचा, गंज चढायचा, आणि पुढच्या वेळी पंप काढताना तो बोल्ट दगड झालेला असायचा. २०१३ मध्ये पहिल्यांदा तुटला तेव्हा तो बहुधा मूळचा इंची बोल्टच होता आणि दोष आमच्या बोअरच्या पाण्याचा होता. रेडिएटरमध्ये कूलंट कधी घातलंच नव्हतं. ज्या गॅरेजमध्ये तो काढला, तिथे हाताला आला तो बोल्ट बसवून दिला. २०१९ मध्ये मी ‘अगदी आधीसारखाच’ हवा म्हणून तुटलेलं डोकं नमुना म्हणून दुकानात घेऊन गेलो, आणि दुकानदाराने अगदी आधीसारखाच दिला. नमुनाच चुकीचा होता.

म्हणून जुन्या इंची गाडीत बोल्ट तुटला तर तुटलेल्याचा नमुना नेऊ नये, शेजारच्या शाबूत बोल्टचा न्यावा. आणि तोही पिच गेजने मोजून. पान्यानेही अंदाज येतो: ५/१६ च्या फाइन बोल्टचं डोकं अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलीमीटर. तेरा नंबरचा पाना त्यावर जातो पण किंचित ढिला, आणि कोपरे गोल करून ठेवतो. अँबॅसिडरसाठी इंची पान्यांचा वेगळा संच ठेवणं ही हौस नव्हे.

परत बसवताना

छिद्रात ५/१६ फाइनचा टॅप (आटे पाडायचं हत्यार), तोही तिसरा, म्हणजे बुडाचा, तेल लावून हाताने फिरवला. वरच्या चार आट्यांमध्ये तो डुगडुगत होता. आठ एमएमने आणि माझ्या २०१९ च्या कार्बाइड बरने त्यांची वाट लावली होती. त्याखाली मात्र पकड आली, स्वच्छ. कारण आधीचे दोन्ही चुकीचे बोल्ट मूळ बोल्टपेक्षा आखूड होते, खालच्या आट्यांपर्यंत पोहोचलेच नव्हते. म्हणजे निष्काळजीपणाचाही कधी उपयोग होतो.

बिडात बोल्टची पकड जाडीच्या दीडपट तरी असावी, आठ मिलीमीटरला बारा मिलीमीटर. बारीक तार घालून तळ लागतो का ते बघितलं, लागला, खोली मोजली आणि वरचे खराब आटे सोडून खाली बारा मिलीमीटर चांगले आटे मिळतील एवढ्या लांबीचा बोल्ट घेतला, तळाला टेकणार नाही याची खात्री करून. तळाला टेकला तर पुन्हा तेच: आवळल्याचा भास आणि पंप सैल. तुमच्या छिद्रात तारेला तळ लागला नाही आणि पाणी येत असेल तर छिद्र वॉटर जॅकेटमध्ये, म्हणजे ब्लॉकमधल्या पाण्याच्या पोकळीत, उघडतं. मग आट्यांना ग्रीसऐवजी सीलंट लावावं लागतं.

आंधळ्या छिद्रात तेल किंवा पाणी साठलेलं ठेवून बोल्ट आवळू नये. द्रव दबत नाही, बोल्ट पिचकारीच्या दट्ट्यासारखा काम करतो आणि बीड तडकू शकतं. हवा मारून, कापूस गुंडाळलेल्या काडीने छिद्र कोरडं केलं.

खालचे आटेही गेलेले असते तर हेलिकॉइल बसवलं असतं. बिडात तारेचं ते वेटोळं मूळ आट्यांइतकंच, किंबहुना जास्त टिकतं, फक्त त्याचं ड्रिल आणि टॅप त्याच्याच पेटीतलं हवं. काही जण छिद्र तीन सुताचं करून जाड बोल्ट टाकतात आणि पंपाचं छिद्रही मोठं करतात. ते मला पटत नाही. पुढच्या वेळी नवा पंप आणाल तेव्हा त्यालाही भोक वाढवत बसावं लागेल.

तीन रेघांचे चार नवे बोल्ट मुंबईहून, नागदेवी स्ट्रीटवरून मागवले. कोल्हापुरात मिळाले असते, पण मुलगी तिथेच नोकरीला आहे आणि तिला हे काम सांगताना मला मजा आली. आट्यांना तांब्याचं ग्रीस, अगदी बोटभर नव्हे, नुसता हात फिरवल्यासारखं. याच घराण्यातल्या, एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या १७९८ सीसी इंजिनाला वॉटर पंपाच्या बोल्टांसाठी १७ पाउंड-फूट, म्हणजे २३ न्यूटन-मीटर देतात. आट्यांना ग्रीस लावलेलं असल्याने मी १८ न्यूटन-मीटरवर थांबलो, चारही बोल्ट समोरासमोरच्या जोड्यांनी, तीन टप्प्यांत. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी बंद. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं निम्मं.

पुढच्या पावसाळ्यानंतर फॅनचा पट्टा बदलायचा होता. पंपाला हात लावायचं काही कारण नव्हतं, आणि पॅकिंग धरलेलं असताना एखादा बोल्ट उगीच उघडू नये हे मलाही कळतं. तरी अर्ध्या इंचाचा पाना त्या खालच्या बोल्टला लावलाच. पाव फेरा पान्याने, बाकीचा बोटांनी. आटे कोरडे आणि तांबूस होते, पण तो रंग ग्रीसचा होता.